कोपराच्या वळणावरचा ठसका

मिस्त्रीला लोक कानसेन म्हणायचे. गाडी फाटकातून आत वळते न वळते तोच हा पाठमोरा, हातातलं काम न सोडता सांगायचा, "तिसरा प्लग गेलाय," आणि उघडून बघावं तर तिसराच गेलेला. एकदा म्हणे फोनवर बोलता बोलता गिऱ्हाइकाच्या मागे घुरघुरणारं इंजिन ऐकूनच त्यानं आजार ओळखला होता. यात लोकांनी तिखटमीठ किती लावलं ते देव जाणे. मिस्त्रीनं मात्र कधी नाही म्हटलं नाही. फुकटचं कौतुक कुणाला नको असतं?

त्याच मिस्त्रीला तीन आठवड्यांपासून एक घोर लागला होता आणि तो काही केल्या जात नव्हता. त्याची एकुलती एक लेक रविवारी डोंगरावर गाडी घालणार होती, आणि त्या गाडीच्या इंजिनात एक खोड होती. ती खोड मिस्त्रीला सापडत नव्हती.

लेकीला घरात भिंगरी म्हणत. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून पडलेलं नाव. आता सव्वीस वर्षांची घोडी झाली तरी भिंगरीच. शर्यत तशी साधी. पायथ्यापासून माथ्यापर्यंत सात किलोमीटर, एका वेळी एकच गाडी, स्पर्धा घड्याळाशी. एरवी त्या रस्त्यानं दूधवाले आणि लाकडाचे ट्रक जायचे. त्यातलं पाचवं वळण दुमडलेल्या हातासारखं, म्हणून त्याला म्हणायचे कोपराचं वळण. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला गुडघ्याएवढा कठडा, आणि कठड्यापलीकडे नुसती हवा.

दोन वर्षांपूर्वी तिथून एक गाडी खाली गेली होती. चालवणारा वाचला. तो अजून कधीमधी गॅरेजात येतो, काठी दाराशी टेकवतो आणि स्टुलावर बसून इंजिनांकडे बघत राहतो. मिस्त्री त्याला चहा देतो आणि त्याच्या पायांकडे बघायचं टाळतो. त्याचं काय झालं होतं हे मिस्त्रीला पक्कं ठाऊक होतं, कारण ते इंजिन नंतर त्यानंच उघडलं होतं. हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या कार्बोरेटरच्या जोडातून हवा चोरून आत शिरत होती. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं की इंजिन आतून भट्टीसारखं तापतं. एक पिस्टन वितळून चिकटला, मागची चाकं जागच्या जागी जाम झाली, आणि गाडी वळायच्या ऐवजी सरळ गेली. फट केवढी होती? नखाएवढी.

तर तीन आठवड्यांपूर्वी भिंगरी सरावावरून आली, तेव्हा मिस्त्रीनं वेळेचा कागद बघितला आणि विचारलं, "कोपरावर चार सेकंद कुठे सांडलेस गं?"

भिंगरी हेल्मेटची काच पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "ठसका येतोय, बाबा. वळणात शिरताना. क्षणभर इंजिन मरतं आणि परत उचलतं."

झालं. त्या दिवसापासून मिस्त्रीची झोप उडाली.

भिंगरीच्या गाडीला लावायला कार्बोरेटर दोन तऱ्हेचे होते. जुना एकच, इंजिनाच्या मध्यावर बसणारा, तोंड आभाळाकडे, दोन नरड्यांतून चारही सिलिंडरांना वाटून देणारा. मिस्त्री त्याला सासू म्हणायचा. सगळ्यांना वाढते, पण टोकाला बसलेल्यांच्या ताटात जरा हात आखडता. नवे दोन होते ते इंजिनाच्या कुशीला आडवे बसायचे, दोघांची मिळून चार नरडी, प्रत्येक सिलिंडरला आपापलं. त्यांना तो म्हणायचा जावा. जावा लावल्या की गाडी मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या वर अशी सुटायची की पाठ सीटला चिकटून बसावी. पण जावांची खोड अशी की चारही नरड्यांनी एका सुरात हवा ओढली पाहिजे. एकीनं जरा जास्त ओढलं की घरात भांडण.

तो सूर मिस्त्री नळीनं लावायचा. हातभर रबरी नळी, एक टोक कानात, दुसरं नरड्याशी. आत जाणाऱ्या हवेचा फुसकारा ऐकायचा. पहिल्याचा, मग दुसऱ्याचा, तिसऱ्याचा, चौथ्याचा. स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, की चारही फुसकारे सारखे. याच कामासाठी बाजारात काट्यांची घड्याळं मिळतात. मिस्त्री त्यांना हसायचा. "काट्याला काय कळतंय? काट्याला कान आहेत का?"

आता खरी गोष्ट सांगतो. कान मिस्त्रीलाही उरले नव्हते.

दोन महिन्यांपूर्वी एका दुपारी एक गिऱ्हाईक म्हणालं, "मिस्त्री, तुमचं घड्याळ वाजतंय." मनगटावरचं ते घड्याळ भिंगरीनं दिलेलं, तासातासाला पीप करायचं. मिस्त्रीला वाटलं, चेष्टा करतोय. पुढच्या तासाला त्यानं घड्याळ काढून कानाला लावलं आणि समोरच्या आरशात आकड्यांकडे बघत उभा राहिला. आकडे बदलले. आवाज काही नाही. दुसऱ्या दिवशी टायर बघायला जातो सांगून तो गुपचूप कानाच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरनं कागदावर एक रेघ काढून दाखवली, अर्ध्यापर्यंत सरळ चालत आलेली आणि पुढे एकदम खाली कोसळलेली.

"बारीक आवाज गेलेत तुमचे," डॉक्टर म्हणाला. "शिट्टी, फुसकारा, लांबचं काही. चाळीस वर्षं इंजिनांत डोकं घालून काढलीत, दुसरं काय होणार? गेलेले परत येत नाहीत. आहेत ते सांभाळा."

मिस्त्रीनं तो कागद घडी करून जेटच्या, म्हणजे पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यांच्या, डबीत तळाशी घातला आणि वर सगळे जेट ओतले. झाकली मूठ सव्वा लाखाची. सांगणार कुणाला? हात थरथरतो असं न्हाव्यानं गिऱ्हाइकाला सांगावं का? बायकोला कळायचा तर प्रश्नच नव्हता. तीन हाका मारल्याशिवाय तो ओ देत नाही ही तिची तक्रार लग्नाइतकीच जुनी. "कानात बोळे घातलेत का?" ती विचारायची, आणि मिस्त्रीला हायसं वाटायचं, कारण बायकोचं ऐकू न येणं हा काही आजार नव्हे.

स्वतःची समजूत त्यानं घातली होती की इंजिनाचा आवाज जाडा असतो, तो येतोय तोवर भागतंय. पण ठसक्याचं निघालं आणि ती समजूत टराटरा फाटली.

तीन आठवडे त्यानं काय काय केलं नाही! जावांच्या पेट्रोलच्या वाट्या उघडल्या, आतले तरंगणारे पितळी गोळे हलवून बघितले, उंची मोजली. जेट काढून फुंकले, उजेडाला धरून एकेकाचं भोक बघितलं. पुढचा कार्बोरेटर मागे आणि मागचा पुढे लावला. दोष कार्बोरेटरमध्ये असेल तर तो त्याच्याबरोबर जागा बदलेल, हा साधा हिशेब. भिंगरी गाडी फिरवून आली. "तिथेच, बाबा. तसाच." मग जावा उतरवून सासू चढवली. "तिथेच. तसाच." पेट्रोलचा पंप बदलला. टाकी काठोकाठ भरली. "तिथेच."

दोन तऱ्हेचे कार्बोरेटर, दोन्ही वेळा एकच आजार, एकाच वळणावर. चार दिवसांचा शिकाऊसुद्धा सांगेल की मग आजार कार्बोरेटरचा नव्हे. मिस्त्रीला हे कळत होतं, म्हणून तर तो जास्त घाबरला होता. कार्बोरेटर नाही, तर मग कुठे तरी हवा चोरून शिरत असणार. आणि हवा चोरून शिरली की बारीक शिट्टी वाजते. तीच शिट्टी, जी जगात सगळ्यांना ऐकू आली असती आणि त्याला आली नसती.

शुक्रवारी सकाळी बायको चहा घेऊन आली तेव्हा तो चालू इंजिनावर वाकून तेलाच्या कुपीतून प्रत्येक जोडावर थेंब थेंब सोडत होता. फट असली तर ती तेल ओढून घेते आणि फेऱ्यांचा काटा हलतो. काटा डोळ्यांनी दिसतो, त्याला कान लागत नाहीत. ज्या काट्यांना तो जन्मभर हसला, त्यातल्याच एकाकडे तो आता डोळ्यात तेल घालून बघत होता. काटा ढिम्म.

"तीन हाका मारल्या," बायको म्हणाली.

"इंजिन चालू आहे ना."

"इंजिन बंद असलं तरी तेच." तिनं कप बाकावर ठेवला. बाकावर चार प्लग ओळीनं मांडलेले होते, चारही खरपूस तपकिरी, अगदी असायला पाहिजेत तसे. हवा जास्त झाली असती तर ते पांढरे पडले असते. तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि मग नवऱ्याच्या तोंडाकडे. "सांगा ना पोरीला, नको जाऊ म्हणावं."

"तूच सांग."

"माझं कधी ऐकलंय तिनं? ती तुमचं ऐकते."

मिस्त्रीनं चहा एका घोटात संपवला, जीभ भाजली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. त्याला त्या चार प्लगांतून गुडघ्याएवढा कठडा दिसत होता आणि त्यापलीकडे त्याची पोर. प्लग खोटं बोलत नाहीत. लेकही खोटं बोलत नाही. मग खोटं बोलतंय कोण? काखेत कळसा आणि गावाला वळसा असा प्रकार होता, पण घाबरलेल्या माणसाला स्वतःची काख दिसत नाही.

शनिवारी शेवटचा सराव. सरावात शेजारी एक माणूस बसवायची मुभा होती. मिस्त्री म्हणाला, "मी बसतो. स्वतः ऐकतो."

भिंगरीनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "बसा," ती म्हणाली, आणि त्याचे पट्टे स्वतः आवळून दिले.

गाडी सुटली आणि मिस्त्रीच्या लक्षात आलं की लेकीच्या शेजारी आपण कधी बसलोच नव्हतो. जन्मभर तो बॉनेटच्या अलीकडे, ती पलीकडे. पहिलं वळण, दुसरं. खडक अंगावर येत होते आणि बाजूला होत होते. आवाज म्हणावा तर नुसती जाडी घरघर, छातीत, दातांत, सीटच्या पत्र्यात. त्यात बारीक काही असेल तर ते त्याच्यासाठी नव्हतंच. तिसरं. चौथं. मग समोर कठडा दिसला आणि पलीकडची हवा दिसली, आणि ज्या कामासाठी तो बसला होता ते सोडून मिस्त्रीनं डोळे घट्ट मिटले. दोन्ही हातांनी लोखंडी दांडा धरला. आता जाम होतील चाकं, आता, आता. गाडी एका अंगावर कलली, काहीतरी धडधडलं, आणि मग ती सरळ झाली.

माथ्यावर भिंगरीनं इंजिन बंद केलं. वारा होता. मिस्त्रीचे हात दांड्यावरून सुटत नव्हते.

"ऐकलात ना, बाबा? कोपरावर?"

तीन आठवडे ती सांगते आहे, म्हणजे ठसका आला असणारच. "ऐकला तर," तो म्हणाला. "मागच्या दोन सिलिंडरांत. आधी चौथा, मग तिसरा."

"स्पष्ट?"

"अगदी स्पष्ट."

भिंगरीनं हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा तिनं प्रयत्न केला नाही.

"ठसका नव्हताच, बाबा."

"आत्ता नव्हता?"

"कधीच नव्हता. तो माझा पाय आहे. कोपरात शिरताना पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उचलतो. इंजिनाला काहीसुद्धा झालेलं नाही."

मिस्त्रीला आधी आला तो राग. भीतीला दार उघडून दिलं की पहिल्यांदा तोच बाहेर पडतो. "मग इंजिनाच्या नावानं बोंब का मारलीस? नाचता येईना अंगण वाकडं! तीन आठवडे मी रक्ताचं पाणी करतोय, घास उतरत नाही मला, आणि तू..."

"तुम्ही ओळखाल असं वाटलं होतं," ती म्हणाली. "मी शिकत होते तेव्हा तुम्ही पायथ्याशी उभे राहून नुसत्या आवाजावरून सांगायचात. चौथ्या वळणावर अर्धा पाय उचललास, घाबरलीस. मला असा राग यायचा! आता मी वाट बघत होते, की आज म्हणाल, उद्या म्हणाल, भिंगरे, इंजिन ठणठणीत आहे, तुझा पाय लबाड आहे. पहिल्याच दिवशी म्हणायला हवं होतंत. आणि तुम्ही कार्बोरेटर खोललात."

मिस्त्रीनं उत्तर ठाऊक असलेल्या माणसासारखं हळूच विचारलं, "पाय का उचलतो?"

"तीन आठवड्यांपूर्वी सरावाला निघताना नळी लावून तुम्ही म्हणालात, लागला सूर, जा आता. मी सीटवर बसले तर शिट्टी. बारीक, सतत. मागच्या कार्बोरेटरच्या जोडातून. तुम्ही तिच्यावरच वाकून उभे होतात, बाबा. वीतभर अंतरावर. आणि हसत होतात." तिनं नाक पुसलं. "रांगेत थांबले तेव्हा मीच उतरून नट आवळला. शिट्टी थांबली. इंजिन बरं झालं, माझा पाय नाही झाला. कठडा दिसला की पाय विचारतो, आज बाबांना काय काय ऐकू आलं नसेल?"

मिस्त्रीच्या डोळ्यांपुढे दाराशी टेकवलेली काठी आली. नखाएवढी फट. आपल्या हातून, आपल्या लेकीच्या गाडीत. तिनं नट आवळला नसता तर?

"घरी का नाही बोललीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

तो समोरच्या काचेवरचे चिलटांचे डाग बघत बसला. मग म्हणाला, "वरचे सूर गेलेत माझे. परत यायचे नाहीत म्हणतो डॉक्टर. कागद दिलाय त्यानं. तो मी..."

"जेटच्या डबीत आहे. मंगळवारी मला मोठा जेट हवा होता."

"म्हणजे तुला ठाऊक होतं? आणि तरी आत्ता विचारलंस, ऐकलात का म्हणून?"

"तुम्ही नाही म्हणाल या आशेनं विचारलं."

चाळीस वर्षांत मिस्त्रीला एवढी लाज वाटली नव्हती. तोंड लपवायला जागा नव्हती, पट्ट्यांनी तो सीटला बांधलेला, आणि पट्टेही तिनंच आवळलेले. तो रडला. फार नाही, पण रडला.

"आज उचललास का पाय?" शेवटी त्यानं विचारलं.

"नाही. आज नाही उचलला." भिंगरी ओल्या डोळ्यांनीच हसली. "तुम्ही शेजारी होतात ना. पायाला वाटलं असेल, म्हातारा स्वतः बसतोय, म्हणजे गाडी बरी असणार."

दुपारी गॅरेजात आल्यावर मिस्त्रीनं फडक्यात गुंडाळलेली सासू बाहेर काढली. "उद्या हिला लावू. जोड एकच, दोन नट. हिला कान लागत नाहीत फारसे. चार सेकंद गेले तर गेले, जीव तरी..."

"सासू लावली होती तेव्हाही पाय उचललाच होता," भिंगरी म्हणाली. "सासू बदलून सुनेची भीती जाते होय? जावाच राहू देत. नळी कुठे आहे?"

नळी खुंटीवर होती, जिथे चाळीस वर्षं होती. मिस्त्रीनं ती काढली, तिचं टोक सदऱ्याला पुसलं, आणि क्षणभर हातातच धरून उभा राहिला. मग लेकीच्या हातात दिली.

ती वाकली. इंजिन मंद चालू होतं. एक टोक तिच्या कानात, दुसरं पहिल्या नरड्याशी; डोळे मिटलेले. मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हर घेऊन शेजारी, तिच्या तोंडाकडे बघत.

"पहिला पीठ चाळल्यासारखा," ती म्हणाली. "दुसरा तसाच. तिसरा... तिसरा घाईत आहे."

"घाईत म्हणजे? जास्त ओढतोय?"

"हो. चौथाही."

मिस्त्रीनं दोन्ही जावांमधला स्क्रू पाव फेरा फिरवला. "आता?"

"अजून केसभर."

"आता?"

"आता चौघंही सारखे."

"नक्की?"

"नक्की, बाबा."

"परत एकदा बघ. पहिल्यापासून."

तिनं पहिल्यापासून बघितलं. मग त्यानं अजून एकदा बघायला लावलं. तिसऱ्या खेपेला ती वैतागून म्हणाली, "आता काय लिहून देऊ?" आणि मिस्त्री वरमला. दुसऱ्याच्या कानावर आपलं माणूस सोडून द्यायचं म्हणजे काय असतं, ते त्याला आज कळत होतं. ती हे वर्षानुवर्षं करत आली होती, न विचारता. मग इंजिनाच्या कडेकडेनं तिनं शिट्टीचा शोध घेतला, कान जवळ नेऊन, जोड न् जोड. त्यानं पुन्हा तेल सोडलं आणि काटा बघितला. शिट्टी नव्हती. काटा ढिम्म.

"सोमवारी ती काट्यांची घड्याळं घेऊन येऊ," मिस्त्री म्हणाला.

"काट्याला कान असतात का?" भिंगरीनं विचारलं.

"गप बस."

त्या रात्री त्यानं बायकोलाही सांगून टाकलं. ती म्हणाली, "आणि मी इतकी वर्षं समजत होते, मुद्दाम करताय." तिचा हात मात्र त्याच्या हातावर होता.

रविवारी बायको शर्यतीला आली. एरवी कधी यायची नाही, घरीच बसून असायची. पायथ्याशी दोरीला लागून दोघं उभे राहिले. तिथून पहिली दोन वळणं दिसायची. पुढचा रस्ता खडकामागे. कोपराचं वळण नुसतं ऐकायचं. मिस्त्री तिथेच उभा राहून वर्षानुवर्षं ऐकत आला होता.

"माझा हात धर," तो बायकोला म्हणाला. "कोपरावर आवाज तुटला तर दाब."

"कोपर कुठलं हे मला काय कळणार?"

"मी सांगतो. मी मोजतो."

झेंडा पडला. गाडी दोघांसमोरून गेली; हेल्मेटच्या आत लेकीचं तोंडही दिसलं नाही. पहिलं वळण. दुसरं. तोवर मिस्त्रीला घरघर येत होती. मग ती विरली, आणि त्याच्या जगात काही उरलं नाही. आजूबाजूचे लोक माना वर करून ऐकत होते. त्यांना ती ऐकू येत होती, परक्यांना, दोरीपाशी उभ्या असलेल्या कुणालाही. मिस्त्री ओठांनी आकडे मोजत होता. तिसरं झालं असेल. चौथं. आता कठडा दिसला असेल तिला.

"आता," तो म्हणाला.

आणि त्या क्षणी त्याला असं वाटलं की तिनं पाय उचलावा. जन्मभर तो शिकवत आला, उचलू नकोस, इंजिनावर भरवसा ठेव. आणि आता देवाजवळ मागत होता की उचल गं बाई, चार सेकंद जाऊ देत, चाळीस जाऊ देत. भरवसा नको ठेवूस. माझा कान गेलाय, मला काय माहीत.

बायकोनं त्याचा हात करकचून दाबला.

मिस्त्रीनं दुसऱ्या हातानं दोरी धरली. "तुटला? तुटला आवाज?"

"नाही हो, नाही!" बायको ओरडली, अगदी त्याच्या कानाशी. "मीच घाबरले! चालू आहे. चालू आहे अजून. वर चाललीय."

तिनं हात सोडला नाही, आणि त्यानंही नाही. मग भोंग्यातून कुणीतरी काहीतरी बोललं, त्याच्यासाठी नुसता गडबडगुंडा, आणि लोक टाळ्या वाजवायला लागले. बायको रडत होती, म्हणजे पोर माथ्यावर पोचली होती. मिस्त्री जागच्या जागी खाली बसला, धुळीत, इस्त्रीच्या पँटसकट.

अर्ध्या तासानं भिंगरी गाडी घेऊन खाली आली. हेल्मेट काखेत, केस घामानं कपाळाला चिकटलेले. ती सरळ त्याच्यापुढे येऊन उभी राहिली आणि बोलली ते त्याला नीट कळावं म्हणून सावकाश बोलली.

"कोपरावर ऐकलंत, बाबा?"

मिस्त्रीनं तिच्याकडे बघितलं. भोवती ओळखीचे लोक होते, गिऱ्हाइकं होती, काठीवाला होता, सगळे कानसेन काय म्हणतो ते ऐकायला थांबलेले.

"नाही," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही तिथलं. तू सांग."